मुलीला हद्दपारीचे खटले लढायचेत

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जन्म इथलाच. वर्षभर दर शनिवारी ती एका मोफत कायदा-मदत केंद्रात हिंदी दुभाषी म्हणून जाते. आतापर्यंत मेडिकलचं चाललं होतं. आता म्हणते, लॉ स्कूल करून ना-नफा संस्थेत जाणार आणि हद्दपारीची नोटीस आलेल्यांचे खटले लढणार. कर्ज फिटणार कसं? शिवाय नियम मोडणाऱ्यांची बाजू घ्यायची, हेच मला पटत नाही.
– एक वडील

उत्तर :
नमस्कार. तुमचा दुसरा मुद्दा आधी घेतो. तो मनात सलत राहिला तर पैशांचं बोलणंही धड होणार नाही.

अमेरिकेत हद्दपारीची कारवाई फौजदारी नव्हे, दिवाणी मानतात. हद्दपारी ही शिक्षा नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने 1893 मध्येच म्हटलं. त्यामुळे घरफोडीच्या आरोपीची ऐपत नसेल तर सरकार त्याला वकील देतं, पण हद्दपारीच्या खटल्यात तसं होत नाही. वकील करा, पण स्वतःच्या खर्चाने, असं कायदा सांगतो. सरकारतर्फे मात्र सरकारी वकील असतो आणि न्यायाधीशही न्याय खात्याचाच नोकर. 2007 ते 2012 मधल्या खटल्यांचा एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात कोठडीतल्या लोकांपैकी जेमतेम 14 टक्क्यांना वकील मिळालेला होता. या रांगेत व्हिसा संपूनही राहिलेला माणूस असतो, तसा जुन्या गुन्ह्यापायी अडकलेला ग्रीन कार्डवालाही असतो आणि जीव वाचवायला आलेली बाईही. ‘याने काहीच केलं नाही’ असं वकील क्वचितच म्हणतो. याच कायद्यात या माणसासाठीही एक दार ठेवलेलं आहे, तेवढं बघा, असं तो सांगतो. मला तरी यात वावगं काही दिसत नाही.

आता काम कसं असतं ते सांगतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी यातच आहे. तिच्या एका पंजाबी अशिलाच्या आश्रयाच्या अर्जात, म्हणजे आय-589 मध्ये, मारहाणीची तारीख 2 एप्रिल पडली होती. तो तोंडी सांगे, ‘वैसाखीनंतर दोन दिवसांनी.’ वैसाखी येते 13-14 एप्रिलला. अर्ज कुणीतरी फोनवर ऐकून घाईत भरला होता, त्यात ‘दोन’ आणि ‘एप्रिल’ एवढंच उतरलं. आपण म्हणू, एवढ्याने काय बिघडतं? 2005 च्या रिअल आयडी कायद्याने अशी विसंगती मूळ मुद्द्याशी संबंधित नसली, तरी तेवढ्यावरून माणूस खोटा ठरवायची न्यायाधीशाला मुभा आहे. त्या एका ओळीसाठी तिच्या तीन संध्याकाळी गेल्या. दवाखान्याचा कागद मिळवला, भावाचं प्रतिज्ञापत्र घेतलं, दुरुस्ती दाखल केली. सुनावणीची तारीख पडली दोन वर्षांनंतरची, कारण या न्यायालयांत 30 लाखांहून जास्त खटले तुंबलेत. तुमच्या मुलीला शनिवारी माणसं भेटतात. वकिलाला बहुतेक वेळ कागद भेटतात, आणि हरल्यावर त्या माणसाच्या बायकोला फोनही त्यालाच करावा लागतो.

पैशांची काळजी मात्र रास्त आहे. नावाजलेल्या खासगी लॉ स्कूलची नुसती फीच वर्षाला 70 हजार डॉलरच्या पुढे जाते. मोठ्या फर्म पहिल्या वर्षाच्या वकिलाला 2 लाख 25 हजार देतात, तर ना-नफा संस्थेत सुरुवात साधारण 60 ते 80 हजारांवर होते. आजवर या वाटेने जाणारे सार्वजनिक सेवेच्या कर्जमाफीवर विसंबून होते : पात्र संस्थेत राहून 120 हप्ते भरले, की उरलेलं केंद्र सरकारचं कर्ज माफ. ही योजना 2007 ची. पण 2025 मध्ये दोन गोष्टी झाल्या. जुलै 2026 पासून लॉ स्कूलसाठी नव्याने केंद्राचं कर्ज घेणाऱ्यांना वर्षाला 50 हजारांची मर्यादा आली. त्यावर लागेल ते खासगी कर्ज, आणि ते माफ होत नाही. दुसरं म्हणजे, बेकायदा स्थलांतराला मदत वगैरे कारणं दाखवून एखादी संस्था योजनेतून वगळता येईल असा नियम आला. त्याला कोर्टात आव्हान दिलं गेलंय. म्हणून ‘दहा वर्षांत माफ होईल’ हे गृहीत धरून एक डॉलरही उचलू नका. नावापेक्षा शिष्यवृत्ती बघा. न्यूयॉर्कचं क्यूनी लॉ स्कूल सरकारी आहे, फी कमी आहे आणि घडणच या कामाची आहे. सनद कुठल्याही एका राज्याची असली तरी इमिग्रेशन न्यायालयात देशभर चालते, त्यामुळे स्वस्त राज्यात शिकून काही बिघडत नाही.

मला विचाराल तर तिने लगेच लॉ स्कूलला जाऊच नये. वकील नसलेल्यालाही हे काम करता येतं, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. न्याय खात्याची मान्यता असलेल्या ना-नफा संस्थेत राहून अधिकृत प्रतिनिधी होता येतं. पूर्ण मान्यता मिळाली तर इमिग्रेशन न्यायालयात उभंही राहता येतं. पदवीनंतर दोन वर्षं अशा संस्थेत घालवू दे. पगार बेताचा, पण कर्ज शून्य. कागद, तारखा आणि हरणं सोसत असेल तर लॉ स्कूल आहेच. नाहीच जमलं, तर मेडिकलचा रस्ता काही बंद होत नाही.

आणि हो, न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ शहरात कोठडीतच इमिग्रेशन न्यायालय आहे, नेवार्कलाही आहे. सुरुवातीच्या सुनावण्या सहसा सगळ्यांना खुल्या असतात. आधी फोन करून वेळ विचारा, ओळखपत्र जवळ ठेवा आणि एक सकाळ दोघं जाऊन बसा. नंतर मला तिने लिहावं, तुम्ही नको. तिने दुभाषीपण केलेला एखादा माणूस परत पाठवला गेला का, आणि पुढच्या शनिवारी ती केंद्रात गेली की नाही, एवढंच कळवायला सांगा.