सव्वादोन वर्षांच्या पोराचं टाइमटेबल

"मॅडम, दिवसभर याच्यासोबत करू तरी काय?"

हा प्रश्न मी आजवर इतक्यांदा ऐकलाय की बाई खुर्चीवर टेकायच्या आधीच तो मला ऐकू येतो. मी समुपदेशक. वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या एका गावी बसते, आठवडी बाजाराच्या दिवशी. दिवस मुद्दाम तोच निवडला. बाजाराच्या निमित्तानं सुनांना घराबाहेर पडता येतं. 'समुपदेशनाला जाते' म्हटलं तर कोणी पाठवत नाही. भाजीची पिशवी पायाशी, लेकरू मांडीवर आणि लेकराच्या हातात मोबाईल, अशी ती येते.

या बहुतेक जणी शिकलेल्या. रात्री सगळं आवरलं की रील पाहतात. त्यात कुठल्या तरी शहरातली आई सकाळी 8 पासून अर्ध्या-अर्ध्या तासाचे खेळ मांडून बसलेली असते. रंगीत तांदूळ, फ्लॅश कार्ड, पोरगंही कसं शहाण्यासारखं मांडी घालून बसलेलं. इकडे आपल्या ओसरीवर कापसाचा ढीग, पोरगं त्यात लोळून अंग खाजवत रडतंय. मग रात्रभर एकच घोर, आपलं लेकरू मागं तर नाही पडणार?

त्यातल्या एकीचं सांगते. नाव बदललंय, काही तपशील दुसऱ्या दोघींचे आहेत. तिला प्रणाली म्हणू. बी.एस्सी. झालेली, मुलगा सव्वादोन वर्षांचा.

पहिल्याच भेटीत तिनं पर्समधून एक चार्ट काढला. आखीव चौकटी, चार रंगांचे स्केचपेन, वरून लॅमिनेशन. 8 ते 8:30 फ्लॅश कार्ड. 8:30 ते 9 गोष्ट. 10 वाजता 'सेन्सरी प्ले', 4 वाजता चित्रकला. "छान केलंय," मी म्हणाले, आणि ते मनापासून होतं.

"पण हा पाळून नाही राहिला ना, मॅडम! दोन मिनिटं बसत नाही. कार्ड काढले की पळते. मग मी ओरडते, मग तो रडते, मग मी मोबाईल देते. रात्री मले झोप येत नाही."

इथं मी चुकले, ते सांगूनच टाकते. मी तिला जरा सैल टाइमटेबल करून दिलं. अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं केली, दोन खेळ काढून टाकले. पंधरा दिवसांनी ती तेवढीच रडवेली होऊन परत आली. ज्यानं पोट बिघडलं होतं तेच मी तिला थोडं कमी वाढलं होतं.

दुसऱ्या खेपेला सासूबाई सोबत होत्या. त्यांनी बसता बसताच सुरुवात केली.

"आमाले चार लेकरं झाले, बाई. कोनाचं टाइमटेबल होतं? वावरात झोळी बांधली का झालं. हे दिवसभर त्याच्या मांगं, हा कलर कोनता अन् तो कलर कोनता. पोट्टं चिडन नाही तं काय?"

प्रणाली खाली पाहत राहिली. दोघींनाही वाटत होतं की मी आता निकाल देईन. आमच्याकडे लोक समुपदेशक आणि सरपंच यांत फार फरक करत नाहीत. मी निकाल दिला नाही. पुढच्या वेळी प्रणालीला एकटीला यायला सांगितलं.

तिसऱ्या भेटीत मी चार्ट पर्समध्येच ठेवायला लावला. म्हटलं, "काल काय ठरलं होतं ते नको. काल झालं काय, तेवढंच सांग."

"काल काहीच नाही झालं."

"उठल्यावर तो कुठं गेला?"

"आजीमागं, कोठ्यात. बकरीच्या पिलाले पाला देत होता."

"मग?"

"मग काही नाही. मी भांडे घासत होती तं यानं सगळ्या गंजांचे झाकणं पसरवले. एकेक झाकण उचलायचं, या गंजावर ठेवायचं, नाही बसलं का त्या गंजावर. बसलं का मोठ्यानं 'बश्शं!' म्हणायचं. अन् पुन्हा सगळे काढायचे."

"किती वेळ?"

ती बोलता बोलता थांबली. "माझे भांडे होईपर्यंत."

"म्हणजे?"

"अर्धा तास असन." मग घाईनं, "पण तो तर पसारा झाला ना, मॅडम. तो खेळ थोडीच आहे?"

घरात आठशे रुपयांचा 'शेप सॉर्टर' होता, ऑनलाइन मागवलेला. गोल छेदात गोल ठोकळा, चौकोनात चौकोन. पोरगं त्याला हात लावत नाही म्हणून तो आलमारीवर पडला होता. आणि लहान-मोठं, बसतं-बसत नाही, पुन्हा करून पाहू, हे सगळं तो न्हाणीजवळ बसून गंजांच्या झाकणांवर शिकत होता, कोणी न सांगता. "हे चार्टमध्ये का नाही लिहिलंस?" मी विचारलं.

ती बराच वेळ गप्प होती. बाहेर बाजारात कोणी तरी सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, भाव ओरडत होतं. मग हळूच म्हणाली, "हे लिहिलं तं मग मी काय केलं?"

या एका वाक्यासाठी मी तीन भेटी खर्च केल्या असं म्हणेन, आणि त्या वाया गेल्या असं मला वाटत नाही. मग सगळं बाहेर आलं. लग्नाआधी दोन वर्षं ती तलाठी भरतीची तयारी करत होती. भिंतीवर असंच टाइमटेबल, असेच रंग. थोड्या गुणांनी राहिलं, मग लग्न झालं. तेव्हा दिवस संपला की चौकटीवर बरोबरची खूण करता यायची. आता रात्री पाठ टेकली की दिवसाचा हिशेबच लागत नाही. सकाळपासून उभी आहे, पण विचारलं तर सांगायला काही नाही. तो चार्ट पोराचा नव्हताच. तो तिचा होता.

तेव्हापासून 'दिवसभर याच्यासोबत करू काय' असं कोणी म्हटलं की मला त्यात दुसरा प्रश्नही ऐकू येतो: दिवसभर मी जे करते ते कोणाला दिसतं का? तो आधी ऐकला नाही, तर पोराच्या दिवसाबद्दल कितीही सांगा, बाईच्या कानापर्यंत पोचत नाही.

आता पोराच्या दिवसाबद्दल. मी हाताच्या कामातून शिकणं मानणारी, ते लपवत नाही. या मातीचाही तो गुण असेल. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम ही शिक्षणपद्धत मांडली, ती हाताच्या कामाभोवतीच. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी 1939 मध्ये भारतात आल्या. त्यांच्या पद्धतीतही लहान मुलानं ओतणं, पुसणं, निवडणं, घडी घालणं याला पहिला मान आहे. आणि ताराबाई मोडक, ज्यांचा संसार काही वर्षं आपल्या अमरावतीत होता, त्यांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन 1945 पासून बोर्डीत बालशिक्षणाचं काम उभं केलं आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दात अंगण आधी आहे, हे आपण विसरलो.

सव्वादोन वर्षांच्या पोराला 10 वाजले म्हणजे काय ते कळत नाही. त्याला कळतं ते 'याच्यानंतर ते'. पोळ्याची तारीख कोणत्या पोट्ट्याला पाठ असते? पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, हे सगळ्यांना ठाऊक. लाकडी बैल घेऊन दारात हजर. दिवसाचंही तसंच. मी आयांना म्हणते, घड्याळ सोडा, खुंट्या ठोका. उठणं, आंघोळ, दुपारचं जेवण आणि झोप, संध्याकाळचा दिवा. या खुंट्या रोज एकाच क्रमानं. अर्धा तास मागेपुढे झाला तरी चालेल, क्रम मोडू नये. मधली जागा मोकळी, दोन खुंट्यांच्या मध्ये एखादं काम लटकवायचं.

काम म्हणजे घरात जे चाललंय तेच. आलू एका टोपल्यात, कांदे दुसऱ्यात. छोट्या लोट्यानं तुळशीला पाणी. वाळलेल्या कपड्यांतून बाबाचे कोणते, आजीचे कोणते ते वेगळे करणं. कणकेचा गोळा दिला की त्याची पोळी होते, काळी का असेना. ओल्या फडक्यानं ओसरी पुसणं. पुसून ती जास्त घाण होते, तेही चालतं. या कामांत तुमचा वेळ दुप्पट जातो, हे मी कबूल करते. घाईच्या दिवशी करू नका. पण जेव्हा कराल तेव्हा मध्येच त्याच्या हातून घेऊन 'असं नाही, असं' करू नका. तेवढं मात्र मी हट्टानं सांगते.

पाच मिनिटांत कंटाळला तर कंटाळू द्या. या वयात एका जागी एवढंच टिकतं. गंजांच्या झाकणांवर अर्धा तास रमला तो त्याच्या मर्जीनं, आणि अशी मर्जी रोज लागत नाही.

खेळ मांडण्याआधी एक काम आयांचं. खाटेखाली, कोनाड्यात, कोठ्यात फवारणीची बाटली आहे का ते बघा आणि कुलपात ठेवा, रिकामी असली तरी. पाण्याचं टाकं झाका. बादलीशी खेळत असेल तर जागचं उठू नका. चणे, वाटाणे, फल्लीदाणे हातात देऊ नका, नाकात आणि घशात अडकतात. तांदूळ-डाळीचे खेळ रीलमध्ये छान दिसतात. ते तुम्ही समोर बसलेल्या असाल तरच.

मोबाईलबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय: 2 वर्षांच्या आत स्क्रीन नको, 2 ते 4 वर्षांत दिवसाला 1 तासाच्या वर नको, कमी तेवढं बरं. पण पोळ्या लाटायच्या वेळी घरात कोणी नसतं आणि पोरगं चुलीकडे धावतं, हे मला माहीत आहे. तर तेवढी पंधरा-वीस मिनिटं द्या, रोज त्याच वेळी. रडला म्हणून मात्र देऊ नका. रडल्यावर मिळतं हे कळलं की तो त्याच कामाला लागतो. झोपेचंही पाहा; 1 वर्ष पूर्ण झालेल्या, 3 वर्षांच्या आतल्या मुलाला दुपारची धरून 11 ते 14 तास झोप लागते. किरकिर करतो म्हणून नवा खेळ शोधणाऱ्या कितीतरी घरांत पोराची झोपच झालेली नसते.

मे महिन्यात आपल्याकडे दुपारी बाहेर काढायची सोय नाही. तेव्हा अंगणातलं सगळं सकाळी 8 च्या आत, बाकी दिवस कूलरसमोर. कापूस वेचणीच्या दिवसांत तर घरच वावरात असतं. तेव्हा दोनच खुंट्या सांभाळा, जेवण आणि झोप.

आणि 2 वर्षांचा होऊनही दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारल्यावर वळून पाहत नाही, असं असेल तर खेळ शोधत बसू नका. अंगणवाडी ताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची टीम अंगणवाडीत येते, तिला दाखवा. त्यांची वाट पाहायची नसेल तर थेट सरकारी दवाखान्यात जा.

प्रणालीला मी एकच घरचा अभ्यास दिला होता. रात्री वहीत तीन ओळी, त्यानं आज काय केलं आणि तेव्हा ती काय करत होती. ती वही तिनं दाखवली. एका पानावर लिहिलं होतं: 'त्यानं सुपातले कांदे सांडवले, मोजत मोजत भरले, एक, दोन, पाच. मी तूर पाखडली, 2 पायल्या.' आकडा तिनं पेनानं गोल केला होता.

मागच्या बाजाराला ती सासूबाईंसोबत आली. पोरगं दोघींच्या मध्ये, छातीशी एक भलामोठा आलू धरून. कोणाला देत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "आता मायंच्या हाताखाली काम करते हा, पगार मांगन." प्रणालीनं हळूच विचारलं, पोरगं दुपारी झोपतं त्या दीड तासात पुन्हा भरतीची पुस्तकं काढली तर चालेल का. मी म्हटलं, मला कशाला विचारतेस.

निघताना मला चार्टची आठवण झाली. कुठं आहे म्हणून विचारलं.

"त्याच्या ताटाखाली," ती म्हणाली. "लॅमिनेट केलेला ना, मॅडम. वरण सांडलं का पुसाले बरा पडते."