आधी अर्थ बघा, मग ईसीएम : पाण्यातून गेलेल्या गाड्यांची प्रश्नोत्तरे

आषाढ लागला की मला येणाऱ्या प्रश्नांची सुरुवात ठरलेली असते : 'पाण्यातून आलो आणि...' पुढचं प्रत्येकाचं वेगळं. त्यातले पाच प्रश्न या वेळी घेतलेत. गाड्यांच्या वायरिंगमध्ये निम्मं आयुष्य गेलंय, तेव्हा उत्तरात कुठे तिरकसपणा आला तर सांभाळून घ्या.

खेडहून येताना जगबुडीचं पाणी रस्त्यावर आलं होतं, गुडघाभर. गाडी बंद न पडता बाहेर निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारा ब्रेक), स्टिअरिंग, चेक इंजिन, एअरबॅग असे सगळे दिवे एकदम लागले. गॅरेजवाले म्हणतात ईसीएम (इंजिनाचा कंप्युटर) गेला, चाळीस हजार लागतील. गणपतीला गाडी हवीच आहे. बदलून टाकू का? (चिपळूण)

थांबा. घरातले सगळे दिवे एकदम मंद झाले तर आपण एकेक बल्ब बदलत बसतो का? मीटरपाशी जाऊन बघतो. इथेही तेच. सगळे दिवे एका सकाळी लागले, म्हणजे बहुतेक वेळा त्या सगळ्यांना मिळून जे लागतं त्यातच गडबड असते : व्होल्टेज, अर्थ (वीज बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी जोडणी), नाहीतर मॉड्यूलना (गाडीतल्या छोट्या कंप्युटरना) एकमेकांशी बोलायला लावणारी वायरची जोडी. ईसीएम या यादीत फार खाली येतो. तो महाग असतो, म्हणून चटकन आठवतो, एवढंच.

सुरुवात बॅटरीपासून करा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. हे ठीक असेल तर अर्थ. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाणारी जाड वायर किंवा विणलेली पट्टी खाली असते, म्हणून पाण्यात आधी तीच बुडते. ती मल्टिमीटर ओहमवर ठेवून तपासू नका, फसाल. पन्नास तारांतली एक जरी शाबूत असेल तरी मीटर शून्य ओहम दाखवतो, आणि सेल्फने शे-दीडशे अँपिअर ओढले की ती एक तार काय करणार? मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवरच टेकवा, क्लॅम्पवर नाही. दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.५ च्या वर गेला तर चोर सापडला. नट खोला, पट्टीखालचा गंज आणि रंग घासून धातू उघडा करा, घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेली.

पुढे चाकांकडे. गेल्या पावसाळ्यात अशीच तक्रार घेऊन एक गाडी आली होती. पुढच्या डाव्या चाकाचं आतलं प्लास्टिक अस्तर काढलं, एबीएस सेन्सरचा कपलर (वायर जोडणारा प्लग) उघडला. दोन पिना. एक लखलखीत, कालच बसवल्यासारखी. दुसरीच्या जागी शेवाळी हिरवी पूड, आणि कपलर ओढताना तिचं टोक आतच राहिलं. असं का होतं? चालून तापलेला कपलर गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. वर बॅटरी जोडलेली. दोन पिनांमधल्या त्या थेंबात मग रासायनिक झीज चालू होते आणि सप्लायची पिन खाल्ली जाते. म्हणून पाण्यातून गेल्यावर 'कालपर्यंत बरी होती, आज बिघडली' हे ऐकून मला आश्चर्य वाटत नाही. पिनेला तेवढा वेळ लागतो.

एअरबॅगच्या दिव्यासाठी पुढच्या सीटखाली हात घालून कार्पेट दाबून बघा. ओलं लागलं तर तिथल्या पिवळ्या कपलरवर संशय. पण पिवळ्याला स्वतः हात लावू नका, आणि टेस्ट लॅम्प तर अजिबात नको. ते काम बॅटरीची वायर काढून, माहितगारानेच करायचं.

आता गॅरेजवाल्यांना एकच प्रश्न विचारा : स्कॅनरवर कोणते कोड आले? 'यू'ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ मॉड्यूल एकमेकांशी बोलत नाहीत. मग बॅटरीची वायर काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतात त्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजायला सांगा. बहुतेक गाड्यांत ६० यायला हवेत, कारण मॉड्यूलना जोडणाऱ्या त्या वायरच्या जोडीच्या दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायर कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. दोन मिनिटांचं काम, आणि चाळीस हजारांचा निर्णय बरेचदा इथेच फिरतो.

ईसीएम कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. वायरचं तोंड खाली बुडालेलं असेल तर पाणी इन्सुलेशनच्या आतून, तांब्याच्या तारांमधून समईच्या वातीसारखं वर चढतं आणि उंचावर कोरड्या बसलेल्या ईसीएमच्या प्लगमध्ये पोचतं. तेव्हा प्लग उघडून बघावाच. पण त्याच प्लगवर सप्लाय आणि अर्थ दोन्ही लोडवर (वीज ओढली जात असताना) तपासून बरोबर आल्याशिवाय ईसीएमला दोषी ठरवू नये. गणपतीची घाई असली तरी.

राजापुरात गाडी रस्त्याकडेला उभी होती. अर्जुनेचं पाणी रात्रीत सीटपर्यंत चढलं, सकाळी ओसरलं. एकदा चावी फिरवून बघू का? (राजापूर)

नको. नुसती इग्निशनसुद्धा नको.

एकतर एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरात गेलं असेल तर सेल्फ मारल्यावर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दुसरं म्हणजे ओल्या प्लगांमध्ये वीज सोडली की वर सांगितलेली झीज सगळीकडे एकदम चालू. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, मग पॉझिटिव्ह. दारावर, सीटवर चिखलाची रेघ कुठवर आलीय त्याचे फोटो काढा. इन्शुरन्सवाल्यांना तर ते हवेतच, पण आमच्यासारख्यांनाही त्या रेघेवरून कळतं की कोणते कपलर बुडाले आणि कोणते नाहीत. मग टो करून न्या. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान धरतात, पण पाणी भरलेल्या इंजिनाला सेल्फ मारून ते मोडलं तर भरपाई बहुधा नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर असतं, ते आहे का बघा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं, त्यानंतर इथल्या लोकांना हे पाठ व्हायला हवं होतं. तरी दर वर्षी कुणीतरी चावी फिरवतंच.

हर्णै बंदरात माझा मासळीचा टेम्पो आहे. अमावास्येच्या उधाणाला जेटीच्या रस्त्यावर पाणी आलं, त्यातून काढला. तेव्हा काहीच झालं नाही. महिन्याभराने सकाळी बॅटरी उतरलेली मिळायला लागली. नवी घातली, तीही उतरते. (हर्णै)

दादा, पावसाचं पाणी सुकलं की माती राहते. समुद्राचं सुकलं की मीठ राहतं, आणि आपल्या दमट हवेत मीठ पुन्हा पुन्हा पाणी धरतं. गाडी कोरडी दिसते, पण आत गळती चालू असते. तिसरी बॅटरी घेण्याआधी गळती मोजा.

सगळं बंद करा. मीटर १० अँपिअरवर ठेवून बॅटरीची निगेटिव्ह खुंटी आणि तिची वायर यांच्यामध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत आलं तर ठीक. एक अँपिअर जात असेल तर बारा तासांत बारा अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतला तिसरा हिस्सा एका रात्रीत.

आता एकेक फ्यूज काढत चला. आकडा ज्या फ्यूजला धाडकन खाली येतो, ती लाइन पकडा. सगळे काढूनही आकडा हलला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा, कारण ती सहसा फ्यूज बॉक्समधून जातच नाही. आतला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) खराब झाला असेल किंवा खुंटी आणि बॉडीच्या मध्ये मिठाचा थर बसला असेल तर रात्रभर तिथूनच वीज झिरपते.

माझा अंदाज मात्र वेगळ्याच ठिकाणचा आहे : मागचे दिवे. मासळीच्या टेम्पोला उधाणाची गरजच नसते. बर्फ वितळून खारट पाणी हौद्यातून वर्षभर चेसिसवर ठिबकत असतं आणि नंबर प्लेटच्या दिव्याची वायर नेमकी त्याच वाटेत असते. उधाणाने फक्त शेवटचा धक्का दिला असेल. कपलर उघडाल तेव्हा नुसते सुकवू नका. आधी बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने धुवा, म्हणजे मीठ निघेल. मग हवा मारा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सिलिकॉन ग्रीस लावा आणि बंद करा. रॉकेल, डिझेल नको, रबराची सीलं फुगतात.

आणि फ्यूज उडतो म्हणून लाल १० चा काढून पिवळा २० चा घालू नका. सिगारेटच्या पाकिटाची चांदी तर नकोच. मी त्यातून पेटलेली वायरिंग पाहिली आहे.

इलेक्ट्रिक स्कूटर आयपी ६७ आहे असं शोरूममध्ये सांगितलं. खाडीचं पाणी अंगणात येऊन रात्रभर फूटभर साचलं होतं, त्यात ती उभी होती. चार्जिंगला लावू का? (रत्नागिरी)

आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि तेही चाचणीतल्या साध्या पाण्यात. तुमची स्कूटर रात्रभर खाऱ्या पाण्यात होती. चार्जिंगला लावू नका, पडवीत घेऊ नका. घरापासून आणि इतर गाड्यांपासून लांब, उघड्यावर ठेवा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन चक्रीवादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्यांनी पाणी ओसरल्यावर, काही दिवसांनीही पेट घेतला होता. नारिंगी (जास्त दाबाची) वायर दिसली तर तिला हात नको.

पेट्रोल स्कूटरवाल्यांसाठी एक ओळ : पाण्यातून आल्यावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही, तर तो वायरिंगचा दोष नव्हे, बेल्टच्या डब्यात पाणी गेलंय.

पऱ्याचं पाणी मोरीवरून वाहत होतं, त्यातून जीप काढली. तेव्हापासून रात्री दोन-तीनला हॉर्न आपोआप वाजतो. दिवसा काही नाही. वायरमनने सुई टोचून टोचून सगळ्या वायर तपासल्या, दोष सापडला नाही. वाडीतले लोक वेगळंच बोलायला लागलेत. (संगमेश्वर)

वाडीला सांगा, भूत रिलेत बसलंय.

रात्री हवा गार होते, फ्यूज बॉक्सच्या झाकणाखाली दव धरतं. हॉर्न रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलला सप्लाय कायम असतो. स्टिअरिंगवरचं बटण तिला फक्त अर्थ देतं. रिलेच्या बुडाशी पाण्यातून आलेली माती ओली झाली की तीच बटणाचं काम करते. दिवसा बॉनेट तापतं, माती सुकते, हॉर्न गप्प. बॅटरी सोडा, रिले उपटा, खालच्या खाचा बघा. चहाच्या रंगाचा डाग दिसेल. खाचा साफ करा, रिले नवीन घाला. बॉक्सच्या तळाला पाणी निघायला भोक असतं, ते पानं-मातीने बुजलं असेल तर मोकळं करा.

मला जास्त चिंता त्या सुयांची आहे. आपल्या हवेत टोचलेल्या वायरला दोन पावसाळ्यांत आतून हिरवी पूड धरते आणि ती वायर भलत्याच ठिकाणी तुटते. तपासणी कपलरच्या मागच्या बाजूने, पिनेला टेकवून करायची असते. जिथे टोचलंय तिथे प्रत्येक भोकावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवून घ्या. नुसती इन्सुलेशन टेप पावसात सुटते.

तोवर झोप हवी असेल तर रात्री हॉर्नचा फ्यूज काढून ठेवा. सकाळी घाटात शिरण्याआधी परत लावा म्हणजे झालं.