प्रश्न तुमचे: करंगळी आत वळते तेव्हा

प्रश्न: ताई, मी १९ वर्षांची आहे, ११ वर्षं पियानो शिकते आहे. गेले दोन महिने वाजवताना उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आपोआप आत वळतात. दुखत अजिबात नाही. सराव वाढवून रोज सहा तास केला, तरी फरक नाही. मैफलीत वाजवायचं स्वप्न सोडून द्यायचं का?

उत्तर: उजव्या हाताचा सराव आजच थांबव. बोटं वळायला लागल्यावर तू सराव वाढवलास, याचीच मला धास्ती वाटली.

अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर यांनीही हेच केलं होतं. नवव्या वर्षी नामवंत पियानोवादक आर्तुर श्नाबेल यांनी शिकवायला घेतलेला हा मुलगा. १९५२ मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा त्यानं जिंकली. पस्तिशी ओलांडली आणि उजव्या हाताची नेमकी हीच दोन बोटं वळायला लागली. त्यांनी आणखी घासून सराव केला, तशी ती बोटं तळहाताशी मिटत गेली. या दुखण्याचं नाव फोकल डिस्टोनिया आहे, हे कळायला कित्येक वर्षं गेली. यात बोटं धडधाकट असतात. मेंदूत प्रत्येक बोटाची जागा ठरलेली असते, तिथल्या सीमा पुसट होतात आणि एका बोटाला दिलेला हुकूम शेजारचंही पाळतं.

तुला तेच झालंय असं मी म्हणत नाही. कोपराजवळची नस दाबली गेली तरी हीच दोन बोटं बिघडतात. म्हणून मेंदू आणि मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे जा. आधी बघ, शर्टाची बटणं लावताना, लिहिताना बोटं नीट चालतात का? मुंग्या येतात का? वाजवताना बोटं वळतात ते दिसणारा, आधी केलेला व्हिडिओ असेल तर बरोबर ने. दवाखान्यात पियानो नसतो, आणि डिस्टोनिया बऱ्याचदा फक्त वाद्यावरच दिसतो.

स्वप्नाबद्दल म्हणशील, तर फ्लायशर तीस वर्षं डाव्या हातानं वाजवत राहिले, ऑर्केस्ट्राचं संचालन केलं, बाल्टिमोरच्या पीबॉडी कॉन्झर्व्हेटरीत शिकवलं. पुढे बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी आखडलेले स्नायू सैल झाले आणि २००४ मध्ये दोन्ही हातांनी वाजवलेली त्यांची ध्वनिमुद्रिका आली. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं, हे ते स्वतः सांगत.

माझं उजवं मनगट सुजलं होतं तेव्हा चार महिने मी संगीतकार बाखचा शाकॉन (एक दीर्घ रचना) वाजवला, संगीतकार ब्राम्सनं फक्त डाव्या हातासाठी बसवलेला. १८७७ मध्ये त्यानं तो पियानोवादक क्लारा शूमानला पाठवला, आणि योगायोग असा की तेव्हा तिचाही उजवा हात दुखावलेला होता. डाव्या हातात अंगठा सर्वांत वरच्या सुरावर येतो, त्यामुळे गाणं त्याच्याकडे जातं. खालचा सूर पायाखालच्या पेडलनं धरायचा, तेवढ्यात हात वर सरकवायचा. इतकं बारकाईनं पेडल ऐकायला मी त्याच महिन्यांत शिकले.

डॉक्टरांनी डाव्या हाताला मोकळीक दिली तर शाकॉनचे पहिले आठ बार (तालाचे खंड) बसव. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. तपासणीत काय निघालं ते मात्र मला लगेच कळव.