चर्चमधलं ‘सर्मन’: प्रवचन, उपदेश की संदेश?

विचारणा अशी आहे: भायखळ्याच्या मराठी चर्चमध्ये मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते. पाळकसाहेब बोलले त्याला कुणी ‘उपदेश’ म्हणालं, कुणी ‘संदेश’. वसईचे पाहुणे ‘प्रवचन’ म्हणत होते. बरोबर शब्द कोणता?

तिन्ही बरोबर आहेत, पण अर्थ एकच नाही. मुंबईत प्रॉटेस्टंट घरांत ‘उपदेश’ आणि ‘संदेश’ जास्त कानावर येतात, कॅथलिक घरांत ‘प्रवचन’.

माझा कल प्रवचनाकडे. मराठीत प्रवचनाला समोर ग्रंथ लागतो. ज्ञानेश्वरीतली एखादी ओवी घ्यायची आणि ती तासभर उलगडत जायची, ही आपली सवय. चर्चमध्येही आधी बायबलमधला उतारा वाचतात, मग तो उकलतात. मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्र-शिकवणीच्या पुस्तकाच्या) वाचनानंतर फादर बोलतात ते यासाठीच. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात हे फार सुंदर आलंय. एज्रा हा शास्त्री आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, नियमशास्त्र (मोशेचे नियम) वाचून लोकांना समजेल असा त्याचा अर्थ सांगतात आणि ऐकणारे रडू लागतात. वाचलेलं ऐकणाऱ्याच्या काळजापर्यंत पोचवणं हेच प्रवचनाचं काम. म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ ते ७ या अध्यायांना ‘डोंगरावरील प्रवचन’ म्हणतात, तेव्हा मला थोडं अडखळायला होतं. तिथे हातात पोथी नाही. पण ‘तुम्ही ऐकलं आहे’ म्हणत येशू जुन्या आज्ञांचाच अर्थ खोल नेतो, तेव्हा शब्द शोभतो.

‘संदेश’ म्हटलं की बोलणारा निरोप्या होतो, निरोप दुसऱ्याचा. नव्या करारात सुवार्ता सांगण्यासाठी जे ग्रीक क्रियापद येतं त्याचा मूळ अर्थ दवंडी पिटणे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘घोषणा करा’ येतं (मार्क १६:१५).

‘उपदेश’ या शब्दाबद्दल मात्र वाईट वाटतं. उप म्हणजे जवळ, दिश् म्हणजे दाखवणे. जवळ घेऊन वाट दाखवावी असा हा मायेचा शब्द. बायबलमधल्या एका पुस्तकाचं नावच ‘उपदेशक’ आहे. आपण ‘उपदेशाचे डोस’ म्हणून म्हणून तो कडू करून टाकला.

तुमच्या मैत्रिणीच्या लग्नात पाळकसाहेब नवरानवरीला समोर उभं करून संसाराबद्दल चार शब्द बोलले असतील, तर तिथे मी ‘उपदेश’च म्हणेन.