जाळी सेम, घराणं वेगळं

प्रश्न : नमस्कार सर, मी बीएस्सीला आहे, जिऑलॉजी घेतलंय. पुस्तकात जाळीवाल्या ग्रॅप्टोलाइटचे, म्हणजे जुन्या समुद्री जिवांच्या फॉसिलचे, दोन फोटो पाहिले, एक ऑर्डोव्हिशियन काळातला, दुसरा त्यानंतरच्या सिलुरियनचा, दोन्ही जवळपास सेमच. म्हणजे दुसरा पहिल्याचाच वंशज ना? आणि आपल्याकडे हे सापडतात का?
– एक विद्यार्थिनी, महाल, नागपूर

उत्तर : नाही गं, वंशज नाही, आणि ग्रॅप्टोलाइटमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. हे इवलेसे प्राणी एकाला एक चिकटलेल्या नळ्यांत राहायचे आणि त्यांची अख्खी कॉलनीच समुद्रात तरंगायची. ऑर्डोव्हिशियनमध्ये काहींच्या नळ्यांची भिंत इतकी पातळ झाली की फॉसिलमध्ये नुसती दोऱ्यांची जाळी उरते. मग साधारण 44.5 कोटी वर्षांपूर्वी बर्फ वाढला, समुद्राची पातळी घसरली, तरंगणारे बहुतेक ग्रॅप्टोलाइट संपले आणि त्यात हे जाळीवालेही गेले. जे मोजके वाचले ते साध्या, भरीव भिंतीचे, आणि सिलुरियनमध्ये त्यांच्याच पुढच्या पिढ्यांत परत जाळी आली, अगदी नव्याने! बांधायला माल कमी लागतो, वजनही घटतं, तरंगणाऱ्याला आणखी काय पाहिजे.

हे ओळखायचं कसं, तर कॉलनीचं सुरुवातीचं टोक बघायचं. सिलुरियनवाल्यांत तिथल्या काट्याला चार फाटे फुटतात, नांगरासारखे, त्याला अँकोराच म्हणतात, ऑर्डोव्हिशियनच्या जाळीवाल्यांत तो नसतो. फोटो परत काढ आणि फक्त ते टोक बघ, बाकीची जाळी फसवते.

कॉलनीच्या फांद्यांचंही तसंच, आठाच्या चार, चाराच्या दोन असं वेगवेगळ्या घराण्यांत आपापलं होत गेलं. निकल्सन आणि मार या ब्रिटिश अभ्यासकांनी 1895 मध्येच सांगितलं होतं की नातं ठरवताना फांद्या मोजण्यापेक्षा नळ्यांचा आकार जास्त कामाचा, पण तरी कितीतरी वर्षं फांद्या मोजूनच जीनस (जवळच्या जातींचे गट) ठरत राहिले, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडे म्हणशील तर नागपूरच्या आसपास शोधू नको. हे मिळतात जुन्या समुद्री खडकात, जास्त करून काळ्या शेलमध्ये, म्हणजे चिखलाच्या थरांपासून बनलेल्या खडकात. आपला कामठीचा वालुकाश्म नद्यांनी आणलेल्या वाळूचा, तोही तरंगणारे ग्रॅप्टोलाइट संपल्यावर कितीतरी कोटी वर्षांनी बनलेला. त्यात ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झाडाची पानं मात्र मिळतात, तीच बघ, शिरांची जाळी हँडलेन्सनेसुद्धा छान दिसते.