स्पॅरिंगला डोकं बंद पडतं? आधी श्वास, नजर आणि जोर बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय २२, परळच्या व्यायामशाळेत आठ महिने बॉक्सिंग चालू आहे, बॅगवर आणि पॅडवर हात छान सुटतो. शनिवारी रिंगमध्ये स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, समोर माणूस उभा राहिला की मात्र डोकं ब्लँक होतं, डोळे मिटतात, पाय मागे मागे जातात. एक पंच नाकावर बसला की राग येऊन वाट्टेल तसे हात फिरवतोस आणि दुसऱ्या मिनिटाला दम संपतो. शुक्रवार रात्रीपासून पोटात गोळा. माझ्यात डेरिंगच नाही का, आणि दोन महिन्यांनी जिल्हा स्पर्धेला नाव द्यावं का, असं विचारलंयस.

व्यायामशाळेत याची ठरलेली उत्तरं मिळतात: मन घट्ट कर, चार खा, सवय होईल. सवय होते हे खरं, पण डोळे मिटून आणि श्वास रोखून मार खायचीही होते, आणि ती मोडणं नव्याने शिकण्यापेक्षा अवघड जातं. तू जे लिहिलंयस त्यातलं बहुतेक सगळं श्वास, नजर आणि समोरच्याचा जोर यांतून येतं. या तिन्हींवर हात घालून काम करता येतं. डेरिंगवर करता येत नाही, म्हणून तो विषय सध्या सोड.

नवीन पोरांचे घंटेनंतरचे पहिले २० सेकंद नीट बघ. खांदे कानाला टेकलेले, मुठी आवळलेल्या आणि छाती हलतच नाही. श्वास रोखून तीन-चार पंच, मग एक घोट हवा, की पुन्हा रोखला. मिनिटभरात हात शिशासारखे जड होतात. पोराला वाटतं स्टॅमिना कमी आहे, म्हणून तो मरीन ड्राइव्हला दोन किलोमीटर जास्त पळायला लागतो. पळून हे जात नाही. प्रत्येक पंचाबरोबर दातांतून छोटा ‘स्स’ बाहेर पडला पाहिजे. आणि हे बहुतेक जण विसरतात: गार्डवर, म्हणजे बचावाला वर धरलेल्या हातांवर, पंच घेतानाही तसाच ‘स्स’ हवा. दोन आठवडे शॅडोत (समोर कुणी नसताना हवेत पंच मारायचा सराव) आणि बॅगवर एवढंच कर, शेजारच्या बॅगवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तिथे आपोआप यायला लागलं तरच रिंगमध्ये येईल.

इथेच सामानही तपास, कारण घाबरायला होण्याचं कारण कधी कधी नुसतं गमशिल्ड, म्हणजे दातांवर बसवायचं कवच, असतं. नीट न बसलेलं गमशिल्ड जागेवर राहावं म्हणून दात सतत आवळून धरावे लागतात, तोंडाने हवा घेता येत नाही, आणि गुदमरल्यासारखं झालं की मेंदू त्याला भीतीच समजतो. तोंड उघडलं तरी ते वरच्या दातांना धरून राहिलं पाहिजे. राहत नसेल तर पाकिटावर लिहिलंय तसं गरम पाण्यात टाकून पुन्हा बसव, चावताना बोटांनी बाहेरून हिरड्यांवर दाब. तसंच हेडगार्डचं. व्यायामशाळेतलं सगळ्यांनी वापरून सैल झालेलं हेडगार्ड एका जॅबमध्ये (पुढच्या हाताचा सरळ पंच) डोळ्यांवर सरकतं आणि हूक (बाजूने वळून येणारा पंच) दिसतच नाही. हनुवटीखालचा पट्टा घट्ट कर, डोकं जोरात हलवून बघ. हेडगार्डने कापल्याच्या जखमा आणि सूज टळते, आतला मेंदू हलायचा थांबत नाही. एलिट, म्हणजे प्रौढ गटातल्या, पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय लढतींतून ते २०१३ साली काढलंच गेलं. सरावात घालायचंच, पण ते घातलंय म्हणून जोर वाढवायचा नाही.

आता डोळे. पापणी मिटणं ही शरीराची प्रतिक्रिया आहे, ठरवून थांबत नाही. वारंवार, हळू, अंदाज येईल असं काही समोरून आलं की ती हळूहळू मंदावते. पार्टनरला हाताच्या अंतरावर उभा कर. त्याने निम्म्या वेगाने जॅब किंवा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ पंच) टाकायचा, तुझ्या गार्डवर किंवा कपाळावर नुसता टेकवायचा. तू कॅच करताना मोठ्याने ओरडायचं: जॅबला ‘एक’, क्रॉसला ‘दोन’. ओरडताना श्वास बाहेर पडतोच, आणि डोळे मिटलेले असतील तर आकडा चुकतो. एकाच व्यायामात दोन्ही दोष उघडे पडतात. दोन-दोन मिनिटांचे दोन राउंड, दर सरावाला. दहातले नऊ आकडे बरोबर यायला लागले की वेग वाढव, मग हूक ‘तीन’. नजर ग्लोव्हजवर ठेवू नकोस, गळपट्टीच्या हाडाभोवती ठेव. तिथून दोन्ही खांदे कडेने दिसतात, आणि ग्लोव्ह सुटायच्या आधी खांदा हलतो.

जोराचं प्रकरण सगळ्यात जास्त बिघडतं, आणि वाईट हेतू नसताना बिघडतं. २००३ साली लंडनच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला होता. दोन माणसं आळीपाळीने एकमेकांचं बोट दाबतात, सूचना एवढीच की समोरच्याने दाबलं तेवढंच दाबायचं. जोर दर फेरीला वाढतच गेला, कारण आपण लावलेला जोर आपल्याला कमी जाणवतो. स्पॅरिंगमध्ये हेच होतं: दोघंही प्रामाणिकपणे म्हणतात, त्याने सुरू केलं. म्हणून ‘हलकं खेळू’ एवढं बोलून भागत नाही. प्रत्येकाचं हलकं वेगळं असतं. माप स्पर्शाने ठरवा: डोक्यावर ग्लोव्ह टेकला पाहिजे, डोकं मागे जाता कामा नये, पोटावर त्याहून थोडा जास्त चालेल. घंटेच्या आधी एकदा दाखवूनच घ्या, तू त्याला एक लाव, तो तुला एक लावेल. मधेच वाढलं तर ‘जरा हळू’ म्हण, ग्लोव्ह टेकव, पुढे चालू. हे म्हणायला लाजणारे दोघं समोरासमोर आले की तिसऱ्या राउंडला मारामारी होते आणि शिकणं शून्य. कुणी मोबाईलवर शूट करत असेल तर जोर आणखी चढतो. रीलसाठी स्पॅरिंग करायचंच नाही, हे माझं ठाम मत आहे.

पार्टनर कोण हे सरांवर सोडतोस बहुतेक. तिथे तोंड उघड. तुला सध्या हवा आहे तो तुझ्याहून दोन-तीन वर्षं जुना, ज्याचा हात त्याच्या ताब्यात आहे असा दादा. तुझ्याएवढाच नवीन, अंगाने दणकट आणि आतून घाबरलेला पोरगा सगळ्यात धोक्याचा, कारण घाबरलेल्या माणसाला आपला जोर मोजता येत नाही. वजनात पाच-सहा किलोंपेक्षा जास्त फरक नको. ग्लोव्हज १६ औंसचे, अंगाने अगदीच बारीक असशील तर १४. स्पर्धेतले १० किंवा १२ औंसचे ग्लोव्हज स्पॅरिंगला वापरू नका.

डोकं ब्लँक होतं कारण एकाच वेळी सगळं करायला जातोस. प्रत्येक राउंडला एकच काम घेऊन उतर. पहिले दोन आठवडे: दोघांनी फक्त जॅब, दोन मिनिटांचे तीन राउंड. पुढचे दोन: तू फक्त जॅब आणि बचाव, त्याला हलक्या जोराने सगळं मोकळं. हे अन्यायाचं वाटेल, पण मागे मागे जाण्याची सवय इथेच सुटते, कारण पळण्याऐवजी काय करायचं ते ठरलेलं असतं: जॅब, बाजूला एक पाऊल, पुन्हा जॅब. पाचव्या आठवड्यापासून एक राउंड ठरवून रिंगच्या रोपला पाठ लावून, दोन राउंड मोकळे, तेही हलकेच. या सहा आठवड्यांत पूर्ण जोराचं स्पॅरिंग एकदाही नको. राउंड कोण जिंकला ते कुणी मोजायचं नाही. दिलेलं काम किती वेळा जमलं, तेवढं मोजायचं.

राग. नाकावर बसला की डोळ्यांत पाणी येतं, ती प्रतिक्रिया आहे, रडू नव्हे. पण पोराला वाटतं सगळ्यांनी बघितलं, आणि तिथून राग चढतो. त्यासाठी एक ठरलेली कृती हवी, विचार नको. स्वच्छ पंच बसला की: दोन्ही हात वर, ‘स्स’, अर्धं पाऊल बाहेर, जॅब, जॅब. उजवा हात या दोन जॅबनंतरच. पॅडवर सरांना सांग की कॉम्बिनेशनच्या मधे अचानक कपाळावर पॅडने हलकी टपली मारत जा, आणि प्रत्येक टपलीला हीच कृती कर. तीन-चार आठवड्यांत अंगवळणी पडते. तरीही ताबा सुटला तर राउंड तिथेच थांबव. भरपाई म्हणून पुढच्या राउंडला जोरात जाणं हा त्याच रागाचा उरलेला भाग असतो.

दोन राउंडच्या मधला मिनिट बहुतेक व्यायामशाळांत वाया जातो. चार बाजूंनी चार जण ओरडतात, ‘मार ना, बघतोस काय!’ कुणाचं ऐकायचं ते आधी ठरव, एकच आवाज. पहिले २० सेकंद कुणी काही बोलायचं नाही: गमशिल्ड बाहेर, नाकाने आत, तोंडाने लांब बाहेर, आत जाण्यापेक्षा बाहेर जास्त वेळ. मग दोन छोटे घोट पाणी. मग एकच सूचना, आणि ती काय करायचं अशी हवी. ‘मागे जाऊ नकोस’ ऐकून पाय मागेच जातात, ‘जॅब मारून डावीकडे’ ऐकून काहीतरी हातात येतं. शेवटचे दहा सेकंद गमशिल्ड आत, उभा.

शुक्रवारच्या गोळ्यासाठी फार काही करू नये. पोटातली धडधड चांगल्या बॉक्सर्सनाही असते. संध्याकाळीच बॅग भर आणि उद्याच्या तीन राउंडची तीन कामं कागदावर लिहून टाक, म्हणजे रात्री डोक्यात लढती खेळाव्या लागत नाहीत. शनिवारी ऑफिसातून गर्दीच्या लोकलला लटकून येऊन पाच मिनिटांत रिंगमध्ये चढत असशील तर अर्धी घबराट तिथलीच आहे. किमान २० मिनिटं आधी पोच: तीन राउंड दोरी, दोन राउंड शॅडो, त्यातला शेवटचा सावकाश. जेवण तीन तास आधी. दादरला उतरून वडापाव खाल्लास तर पहिल्याच बॉडी शॉटला आठवेल. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात पत्र्याच्या शेडखाली घाम वाळत नाही, नाडी नेहमीपेक्षा वर राहते आणि ती धडधड घाबरल्यासारखीच लागते. दुपारपासून पाणी पी, त्या महिन्यांत एक राउंड कमी कर.

एक गोष्ट वेगळी काढतो. तू लिहितोस तसं घंटा वाजताच ब्लँक होणं ही घबराट. पण डोक्याला बसल्यावर गरगरणं, मळमळ, डोकेदुखी, उजेड सहन न होणं किंवा मधला राउंड आठवतच नसणं हा मनाचा प्रश्न नाही, मेंदूला धक्का आहे. त्याच क्षणी ग्लोव्हज काढ, त्या दिवशी परत चढायचं नाही, डॉक्टरने मोकळं केल्याशिवाय स्पॅरिंग नाही. गोळी घेऊन ‘बरं वाटतंय’ म्हणणं चालणार नाही. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या थांबेनात, गुंगी येऊ लागली किंवा एक बाहुली मोठी दिसली तर थेट कॅज्युअल्टी. परळला केईएम दोन पावलांवर आहे, आणि एकट्याने जायचं नाही.

राहिली स्पर्धा. २२ वर्षांचा म्हणजे तू एलिट गटात, ३ मिनिटांचे ३ राउंड, मधे १ मिनिट. नाव देण्याआधी एवढं जमतंय का बघ: तीन वेगवेगळ्या पार्टनरबरोबर, वेगवेगळ्या दिवशी, मध्यम जोराने पूर्ण तीन राउंड, तिसऱ्या राउंडलाही ‘स्स’ ऐकू येतोय, पंच बसल्यावर आधी जॅब निघतोय. व्हिडिओ दुसऱ्या दिवशी, आवाज बंद करून बघ आणि एकच गोष्ट मोज. यातलं एखादं राहिलं असेल तर या खेपेला नाव देऊ नकोस, सरांबरोबर कॉर्नरला बाटली-टॉवेल धरायला जा. सकाळी वजन होतं, बाउट, म्हणजे लढत, दुपारी लागेल की संध्याकाळी ते सांगता येत नाही, आणि पोरं भुकेली, बँडेज बांधून तासन्‌तास बसलेली असतात. त्या वेळात कोण काय खातं, कोण कधी वॉर्म-अप सुरू करतं, कोण फोन बाजूला ठेवतं, ते लिहून आण.