तीन दिवस घरी बसवलं, पुढे काय?

रंगपंचमी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. आपल्या नाशकात धुळवडीपेक्षा रंगपंचमीचं प्रस्थ मोठं. रहाडीत, म्हणजे रंगपंचमीला रंगीत पाण्याने भरतात त्या जुन्या हौदात, उडी मारून आलेल्या पोराच्या कानामागचा रंग आठ दिवस निघत नाही, आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आलेल्या शाळांना नेमका तेव्हाच शिस्तीचा उमाळा येतो. यंदा रंगाच्या जोडीला केस, मोबाईल, उशीर, उलट उत्तर अशा कारणांनी ‘सस्पेंड’ झालेल्या मुलांच्या घरूनही बरीच पत्रं आली. त्यातली काही घेते.

मुलगा सातवीत, इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेत आहे. केस वाढवले म्हणून दोनदा डायरीत शेरा आला. तिसऱ्या वेळी शाळेतून फोन आला, ‘तीन दिवस पाठवू नका.’ कागद काही दिला नाही. आम्ही दोघंही अंबडला कंपनीत कामाला. पोरगा दिवसभर घरी एकटा होता. शाळेला असं करता येतं का? – एक आई, सिडको

ताई, आधी केस कापून घ्या. नियम शाळेचा आहे आणि प्रवेशाच्या वेळी तुम्ही त्यावर सही केली असणार. हे सांगितलं म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 सांगतं की आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 मध्ये या कलमात दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण काढून टाकण्याची मनाई तशीच राहिली. नापास करता येईल, हाकलता येणार नाही. आता या कलमात ‘दोन-चार दिवस घरी बसवणे’ असा उल्लेख नाही, आणि शाळा नेमक्या याच फटीतून जातात. तीनाचे आठ दिवस होतात, मग ‘तुम्ही दुसरी शाळा बघा’ असा सल्ला येतो. नाव हजेरीपटावर आहे, मूल मात्र घरी: याला काढणंच म्हणायचं. शिवाय कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. एक अपवाद लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानुसार हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही. तुमची शाळा त्यात मोडते का, ते आधी बघून घ्या.

करायचं काय? भांडायला जाऊ नका, पत्र लिहा. कोणत्या नियमाखाली, कुणी ठरवलं, कधीपासून कधीपर्यंत आणि ठरवण्याआधी मुलाला काही विचारलं होतं का, एवढंच विचारा. पत्राची पोच घ्या. फोनवर दिलेल्या शिक्षेला कागद मागितला की निम्म्या शाळा तिथेच नरमतात. नाहीच नरमली, तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीकडे जा. तिथूनही काही झालं नाही तर महापालिकेच्या शिक्षण विभागात लेखी तक्रार करा. कलम 32 प्रमाणे त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं.

आणि त्या तीन दिवसांत मुलाने घरी काय केलं, तेही पत्रात लिहा. मोबाईलच बघितला असेल ना? तेच लिहा.

मी पंचवटीतल्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला शिकवते. वर्गात 64 मुलं आहेत. छडीला हात लावायचा नाही, कुणाला काही बोलायचं नाही, आणि आता सस्पेंडही करायचं नाही म्हणता. मग आम्ही करायचं तरी काय? एकाला घरी बसवलं की बाकीचे महिनाभर सरळ राहतात, हा माझा अनुभव आहे. – एक शिक्षिका

मॅडम, तुमचा त्रागा मला कळतो. पस्तीस मिनिटांच्या तासात हजेरीच पाच मिनिटं खाते, वर निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहिती भरणं आहेच. पण ‘बाकीचे सरळ राहतात’ यातले बाकीचे कोण, ते एकदा वर्गात उभं राहून बघा. सरळ राहतात ती मुलं आधीही सरळच होती. काठावरची चार-पाच वेगळंच शिकतात: सरांना उलट बोललं की गणिताच्या चाचणीतून सुटका होते. ज्याला वर्गात बसणंच नको आहे, त्याला वर्गाबाहेर काढणं म्हणजे मागितलेलं देणं. परत येतो तेव्हा अपूर्णांकाचे तीन तास बुडालेले असतात. फळ्यावरचं कळत नाही, म्हणून तो शेजाऱ्याला डिवचतो, आणि तुम्ही पुन्हा त्याच कागदावर सही मागता.

अमेरिकेने हा प्रयोग आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा मोठा करून पाहिला आहे. 1994 मध्ये तिथे कायदा झाला: शाळेत बंदूक आणणाऱ्याला वर्षभर शाळेबाहेर ठेवायचं. बंदुकीपुरतं ठीक होतं. पण ‘अजिबात खपवून घेणार नाही’ हा खाक्या हळूहळू उलट बोलणं, उशिरा येणं, गणवेश इथपर्यंत खाली उतरला. 2011 मध्ये टेक्सास राज्यातल्या जवळपास दहा लाख विद्यार्थ्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सातवी ते बारावीच्या काळात दर दहांपैकी जवळपास सहा मुलांना एकदा तरी सस्पेंड केलं किंवा काढलं गेलं होतं. कायद्याने जिथे काढणं सक्तीचंच होतं, अशा कारवाया फक्त 3 टक्के. उरलेल्या सगळ्या शाळेच्या मर्जीतल्या. आणि ज्यांच्यावर अशी कारवाई वारंवार झाली, तीच मुलं पुढे जास्त प्रमाणात नापास झाली किंवा शाळा सोडून गेली. त्याआधीच, 2006 मध्ये, तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने नेमलेल्या गटाने सांगितलं होतं की या खाक्याने शाळा जास्त सुरक्षित झाल्याचा पुरावा दिसत नाही. पुढे कॅलिफोर्नियाने तर लहान वर्गांत ‘उद्धटपणा’ या कारणावरून घरी पाठवायला कायद्यानेच बंदी घातली आणि ती टप्प्याटप्प्याने वरच्या वर्गांपर्यंत नेली.

आता आपल्या वर्गात येऊ. मी मुख्याध्यापिका असताना सहावीतल्या एका मुलाला घरी बसवण्याची शिफारस माझ्या टेबलावर आली. कारण, ‘वारंवार उशीर’. मी हजेरीपट मागवला. लाल शेरे होते खरे, पण सगळे एकाखाली एक, शनिवारच्याच रकान्यात. शनिवारी आपली शाळा सकाळची. पोरगा गंगापूर रोडला पेपरची लाइन टाकायचा, आणि शनिवारी प्रत्येक अंकात पुरवणी घालायची असल्यामुळे त्याला अर्धा तास जास्त लागायचा. वर्गशिक्षकांनी त्याला गेटवर उभं केलं होतं, डायरीत शेरे दिले होते, आईला बोलावलं होतं. आई धुण्याभांड्याची कामं सोडून येऊ शकली नव्हती. ‘तुला शनिवारीच उशीर का होतो’ एवढंच विचारायचं राहून गेलं होतं. आम्ही त्याला शनिवारी दुसऱ्या तासाला यायची परवानगी दिली आणि बुडालेला तास शाळा सुटल्यावर ग्रंथालयात बसून भरून घ्यायला लावला. शिक्षा म्हणा की सवलत, तुमच्यावर आहे.

प्रत्येक उशिरामागे पेपरची लाइन नसते, हेही खरं. काही मुलं निव्वळ आळशी असतात आणि काहींना कोपऱ्यावरच्या टपरीवर रमायला आवडतं. त्यांनाही शिक्षा हवी, पण ती चुकीला चिकटलेली हवी. मोबाईल आणला तर तो कार्यालयात जमा करायचा, संध्याकाळी पालकांनी रजिस्टरवर सही करून न्यायचा. बाक कोरला तर पॉलिश पेपर घेऊन शिपाईमामांबरोबर तो बाक घासायचा, तोही शाळा सुटल्यावर. खेळाच्या तासाला नाही. खेळाचा तास काढून घेण्याची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. ज्या पोराला हातपाय हलवण्याची सगळ्यात जास्त गरज असते, त्याचाच तो जातो. उलट उत्तर दिलं तर सगळ्यांत अवघड, कारण तिथे आपलाही अहंकार दुखावलेला असतो. त्याला वर्गासमोर उत्तर देऊ नका. ‘ऑफ तासाला मला स्टाफरूमबाहेर भेट’ म्हणा आणि शिकवणं पुढे चालू करा. प्रेक्षक नसले की निम्मी मुलं तिथे आवाजच चढवत नाहीत.

याला वेळ लागतो, आणि तो तुमच्याकडे नाही, हे मला मान्य आहे. तो शाळेने द्यायचा असतो. पर्यवेक्षकांचे आठवड्याला दोन तास यासाठी मोकळे ठेवा, असं मुख्याध्यापकांच्या बैठकीत मागा. सस्पेंशनच्या कागदावर सही करायला एक मिनिट लागतं, म्हणून शाळांना ते आवडतं. त्यात मुलाच्या हिताचा विचार मला तरी फारसा कधी दिसलेला नाही.

आमचा वाडा जुन्या नाशकात, रहाडीजवळच. नववीतला मुलगा रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी रंगलेल्या केसांनी शाळेत गेला. ‘रंग निघेपर्यंत येऊ नकोस’ म्हणून परत पाठवला. पाच दिवस गेले. नववीला तो शिक्षण हक्क कायदा नसतो म्हणे? – एक वडील

दादा, नसतो. आठवीनंतर कलम 16 चं छत्र संपतं. म्हणून नववी-दहावीत शाळेला हवं ते करता येतं, असं मात्र नाही. केरळातल्या एका प्रकरणात राष्ट्रगीत सुरू असताना आदराने उभी राहणारी, पण धार्मिक श्रद्धेमुळे ते न गाणारी तीन भावंडं शाळेतून काढली गेली होती. त्यातली एक मुलगी पाचवीत, दुसरी नववीत आणि मुलगा दहावीत. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं. तेव्हा शिक्षण हक्क कायदा अस्तित्वातही नव्हता.

तुमच्या मुलाचा प्रश्न एवढा मोठा नाही. रंग म्हणजे गैरवर्तन नाही, तो रंग आहे. मुख्याध्यापकांना भेटा आणि हे पाच दिवस गैरहजेरीत लागलेत का, ते आधी विचारा. आत्ताच सवय लावा, कारण पुढच्या वर्षी दहावीच्या परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते आणि असे पाच-पाच दिवस तिथे अंगाशी येतात. पुढच्या रंगपंचमीला उडी मारण्याआधी केसांना खोबरेल तेल चोपडायला सांगा. आपल्याकडच्या जुन्या बायकांना हे माहीत होतं.

आम्हाला अंगठे धरून उभं करत, पट्टीने हात सुजवत. आम्ही काय बिघडलो? आता तीन दिवस घरी बसवलं तरी एवढा गहजब! – एक आजोबा, नाशिकरोड

आजोबा, तुम्ही बिघडला नाहीत, पण तुमच्या वर्गातले जे चौथी-पाचवीतच शाळा सोडून गेले ते मला पत्र लिहीत नाहीत. आणि एक फरक बघा. तुमच्या मास्तरांनी तुम्हाला मारलं, तरी मारून झाल्यावर वर्गात बसवलं. पट्टीची बाजू मी कधीच घेणार नाही. वर्गात बसवण्याची मात्र घेईन.

मी तालुक्यातल्या एका हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. नववीच्या एका मुलाने दुसऱ्याला कंपासच्या टोकाने भोसकलं, तीन टाके पडले. यालाही वर्गातच बसवू का?

नाही सर. इथे दुसऱ्या मुलाची सुरक्षितता आधी येते. त्याला दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर त्याच मुलाशेजारी बसवणं क्रूरपणा होईल. भोसकणाऱ्या मुलाला थोडे दिवस दूर ठेवा. फक्त तीन गोष्टी सांभाळा. ठरवण्याआधी त्याची बाजू त्याच्या तोंडून ऐका आणि लिहून घ्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनालाही ही अट घातली. आपल्याला ती पाळायला कुणाच्या निकालाची वाट बघायला नको. परत यायची तारीख पत्रातच लिहा. आणि घरी जाताना त्याच्या हातात त्या दिवसांचा अभ्यास द्या.

लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर निलंबनावर भागवू नका. पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे ‘शाळेचं नाव’ मध्ये आणू नका.

खरी परीक्षा परत येण्याच्या दिवशी असते. ज्याला टाके पडले त्याला आणि त्याच्या आईला आधी विचारा. ती तयार असतील तरच दोघांना समोरासमोर बसवा, आणि माफीचा कागद पाठ करून म्हणायला लावू नका.

मी आठवीत आहे. आमच्या क्लास टीचर दर आठवड्याला कुणाला ना कुणाला ‘टीसी हातात देईन’ म्हणतात. परवा मला म्हणाल्या, कारण मी हसले. घरी सांगितलं तर बाबा मलाच ओरडतील. – नाव नको

बाळा, शाळा बदलायचा हक्क तुझा आणि तुझ्या आईबाबांचा आहे. ते मागतील तेव्हा शाळेने टीसी लगेच द्यायचा असतो. न मागता कुणी तो तुझ्या हातात देऊ शकत नाही, आणि आठवी संपेपर्यंत तर नाहीच. त्यामुळे त्या धमकीला घाबरू नकोस. तासाला हसू नकोस, हे मात्र मीही सांगेन.

घरी आईला सांग, आणि हे उत्तर बाबांना वाचायला दे. बाई पुन्हा म्हणाल्या तर तारीख आणि त्यांचे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. आईला शाळेत यावं लागलं तर ते पान उपयोगी पडेल. आणि कधी फारच भीती वाटली, शाळेतली असो की घरातली, तर मुलांच्या हेल्पलाइनच्या 1098 या नंबरवर कुठल्याही फोनवरून फुकट बोलता येतं.